निळेबाबांची तांब्याभर मुक्ती

पौर्णिमेच्या दिवशी भिवंडीच्या धामणकर नाक्यावरचे शेअर रिक्षावाले कल्याणची सवारी घेत नसत. "कोन, कोन, बाबा कोन," असा कोन गावचा पुकारा करायचे आणि तिघांच्या बाकावर पाच मधुमेही बसवायचे. सन दोन हजार तीनची गोष्ट. भिवंडी नुकतीच महानगरपालिका झाली होती, त्यामुळे रस्त्यातल्या खड्ड्यांनाही महानगराचा दर्जा आला होता. त्या खड्ड्यांतून साखरेने पोखरलेली माणसं हिंदकळत खाडीकाठच्या मठाकडे निघायची. गोदामवाल्यांना जमीन देऊन हातातून नांगर सुटलेले आणि मग पोट सुटलेले पाटील. रात्रपाळीने डोळे तांबारलेले पॉवरलूमचे कारागीर. कडेवर मूल आणि पदराखाली बाटली घेतलेल्या बायका. बाटलीत ज्याचं त्याचं मूत्र. देवाला फुलं, नारळ, कोंबडं वाहिलेलं जगाने पाहिलं होतं. लघवी वाहिल्यावर पावणारा बाबा मात्र कोनलाच उगवला होता.

मठाच्या दारात बायकांनी फेर धरलेला असे आणि गाणंही नवंकोरं, बाबांच्याच नावाने बांधलेलं:

निळं निळं पानी बाई, निळा माझा बाबा,
साखरंच्या राकुसावं ठेवितो गो ताबा.
सुई गेली खाडीमंदी, गोळी गेली रानी,
डाक्टरच्या दारी आता भरा म्हना पानी.

चाल मात्र सुरेख होती. जात्यावर बसलेल्या बाईच्या श्वासाची चाल. तिच्यात काहीही घातलं तरी ते खरं वाटावं अशी.

मठाला ओटे दोन. कुंपणाबाहेर उंबराखाली होता तो रोगओटा. नवा रोगी तिथे बसायचा, बाटली पुढे करायचा. निळेबाबा काचेच्या नळीत निळंशार पाणी घ्यायचे, त्यात बाटलीतले मोजके थेंब सोडायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे. पाणी आधी हिरवं व्हायचं, मग हळदीसारखं पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी नव्या कौलासारखं लालभडक. गर्दीतून एक सुस्कारा जायचा.

"देखो, साखरासुर," बाबा म्हणायचे. "तुझ्या रक्तात ठाण मांडून बसलाय. डॉक्टर काय करतो? साखर मोजतो. मोजून चिठ्ठी देतो. मी मोजत नाही बेटा, मी मिटवतो."

मग गळ्यात निळा दोरा, कारल्याचा प्रसाद, एक जप, आणि हुकूम एकच: सुई बंद, गोळी बंद. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत. पौर्णिमेला तोच रोगी कुंपणाच्या आत, मुक्तिओट्यावर. तीच नळी, तोच दिवा, तेच निळं पाणी. थेंब पडायचे, पाणी उकळायचं आणि निळंच राहायचं. भर दुपारच्या आभाळासारखं निळं. लोक रडायचे, लोटांगण घालायचे. दुसऱ्या दिवशी जिलेबी खायचे.

त्या पौर्णिमेला गर्दीत संघरत्ना उभी होती. टेमघरच्या धर्मादाय दवाखान्यात ती औषधं द्यायची, मलमं घोटायची, लोशनं बनवायची. फार्मसीची पदविका घेतलेली मुलगी. निळं पाणी तिने पाहिल्याबरोबर ओळखलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत या पाण्याने तिच्या पांढऱ्या कोटावर डाग पाडले होते. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि लिंबातल्या आम्लाचं एक मीठ. लघवीतली साखर दिसावी म्हणून जुन्या काळापासून वापरायचं साधं द्रावण. पट्ट्या आणि मशिनी आल्यावर ते कपाटाच्या मागच्या फळीवर गेलं होतं, आणि तिथून थेट देवत्वाला पोचलं होतं.

ती मजा बघायला आली नव्हती. आज मुक्तिओट्यावर केसरीनाथ पाटील बसले होते. तिचे केसरीकाका, म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण दिपाली हिचे वडील. लहानपणी या दोघींना खाडीच्या चिखलात चालायला त्यांनीच शिकवलं होतं. टाच टाकू नका, बोटं रोवा, चिखल बोटांना मान देतो, असं सांगायचे. त्याच काकांचा उजव्या पायाचा अंगठा दोन महिन्यांपासून चिघळला होता. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं: इन्सुलिन रोज घ्या, साखर खाली आणा, नाही आणली तर अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. काकांनी अमावास्येपासून इन्सुलिन सोडलं होतं. अंगठ्यावर फडकं होतं आणि फडक्यावर मठाचा अंगारा.

बाबांनी पूजेतली पळी उचलली, मंत्र म्हटला, तांब्यात सोडली. मग काकांची नळी दिव्यावर चढली. पाणी उकळलं. निळंच राहिलं.

"मुक्त," बाबा म्हणाले.

बायजाकाकूंनी, काकांच्या बायकोने, तोंडाला पदर लावला. दिपाली हुंदके देऊ लागली. संघरत्नाच्या मनात पक्का संशय होता, तो तिने बोलून टाकला. "बाबा, ही निळ्या पाण्याची बाटली बाहेरच्या ओट्यावरची नाही. हिच्यात कपड्यांची नीळ असेल. नीळ तापवली तरी निळीच राहणार."

गर्दी तिच्याकडे वळली. बाबा रागावले नाहीत. रागावणारा बाबा कच्चा असतो.

"ये बेटी, वर ये. तुझ्या हाताने कर."

तिने पर्समधून ग्लुकोजची पुडी काढली. ती तयारीनेच आली होती. मुक्तिओट्यावरच्याच बाटलीतलं पाणी नळीत घेतलं, चिमूटभर पूड टाकली, नळी दिव्यावर धरली. आता निळं राहील आणि बाबाचं पितळ उघडं पडेल, असं तिला वाटलं होतं. पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, लालभडक झालं. बाटली अस्सल होती.

"मंडळी," बाबा शांतपणे म्हणाले, "पुडीला मधुमेह झालाय. पुडीला आता कारलं द्या."

हशा पिकला. एक लूमवाला मागून म्हणाला, "पुड़िया को भी धागा बाँधो, बाबा." काकाही हसले. बाकीच्यांच्या हसण्याचं संघरत्नाला काही वाटलं नाही. काकांचं हसू तिच्या जिव्हारी लागलं.

"पोरी," काका म्हणाले, "तू शिकलीसवरली हायस, त्याचा मला अभिमान हाय. पन बाबाचं पानी तुझ्यापरीस खरं बोलतं. तुझ्याच हातानं बोललं ना?"

मग सुईमोक्षाची टोपली आली. मुक्त झालेल्यांनी आपल्या सुया, बाटल्या, गोळ्यांची पाकिटं त्यात टाकायची आणि टोपली खाडीत सोडायची. काकांनी सिरिंज टाकल्या, इन्सुलिनची अर्धी बाटली टाकली. टोपली भरतीच्या पाण्यावर डुलत गेली. खाडीतल्या माशांना मधुमेह असता तर त्यांचं त्या दिवशी कल्याण झालं असतं.

मुक्त झालेल्यांनी पुढचे आठ दिवस रोज सकाळी रोगओट्यापाशी साक्षीला बसायचं असा नेम होता. नव्या रोग्याला धीर येतो म्हणे. दुकानदार काचेच्या कपाटात नमुने मांडतो, तसा बाबा ओट्याकडेला बरे झालेले मांडायचा.

परतीच्या रिक्षात दिपाली तिच्याशी बोलली नाही. टेमघरचा रस्ता आला तेव्हा एवढंच म्हणाली, "सगळ्यांच्या समोर करायची काय गरज होती?"

संघरत्ना तिथेच उतरली. बाटली खरी, दिवा खरा, थेंब डोळ्यांदेखत पडलेले. मग साखर गेली कुठे? जप ऐकून साखर निघून जाते हे तर तिला मान्य नव्हतं. पण मान्य नाही एवढं म्हणून कोणाचा पाय वाचत नाही.

दोन दिवसांनी बायजाकाकू दवाखान्यात आल्या, जखम धुवायचं लोशन न्यायला. बाबांची आज्ञा औषध पोटात आणि नसेत जाऊ द्यायचं नाही एवढीच होती; कातडीला बाहेरून काही लावायला मुभा होती. देवाने मधुमेहाची हद्द कातडीपर्यंतच आखून दिली होती.

"काकू, अंगठा कसा आहे?"

"बरा हाय गो. दुखत न्हाय अजिबात. काल उंबऱ्याला ठेच लागली, नख निघालं, तरी त्यांना समजलं न्हाय. बाबांची किरपा."

संघरत्नाचे हात थांबले. पाय बधिर झाला होता. मेलेल्या नसांना ठेच कळत नाही, आणि घरात त्याला कृपा म्हणत होते. "काळं कुठवर आलंय?"

काकूंनी पदर नीट केला. "फडक्याच्या बाहेर आलंय थोडं. वास पन येतो. उदबत्ती लावते मी."

बोलून हरलेल्या माणसाने पुन्हा तेच बोलून काय होणार? संघरत्नाने लोशन करायला घेतलं. मूळ जंतुनाशक वीस टक्क्यांचं, जखमेला हवं अर्ध्या टक्क्याचं. विसाला अर्ध्याने भागलं की चाळीस. एक भाग औषध आणि एकोणचाळीस भाग पाणी, मिळून चाळीस. नवीन नर्स नेहमी चाळीस भाग पाणी घालायची आणि संघरत्ना तिला रोज टोकायची. तिने मोजपात्रात औषध घेतलं, मोठ्या बरणीत ओतलं, खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घातलं. औषधाचा गडद रंग पाण्यात पसरत गेला, फिका झाला, जवळजवळ दिसेनासा झाला.

काकू निरखून पाहत होत्या. "तुमच्यात पन करतात वाटतं असं."

"कसं?"

"शुद्ध. बाबा करतात तसंच. आत मुक्तिओट्यावर ते कच्चं चालत न्हाय ना गो. मठात मूत कसं न्यायचं? म्हनून आधी त्यातलं पळीभर घ्यायचं आनि तांब्याभर तीर्थात सोडायचं. मंग ते शुद्ध झालं. मंग त्यातले थेंब नळीत." आणि बरणीकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाल्या, "बघ, तुझं औषध पन कसं निवळ झालं."

संघरत्ना बरणीकडे बघत राहिली.

पळी तिने पाहिली होती. तांब्याही पाहिला होता. पौर्णिमेला तिच्या डोळ्यांसमोरच बाबाने पळी उचलली, मंत्र म्हटला, तांब्यात सोडली. तिने ते पाहून सोडून दिलं होतं, कारण ते पूजेतलं होतं. दिवसभर थेंब मोजणारी ही बाई पूजेतल्या पाण्याकडे हिशेबाने बघायला विसरली होती. पाणी शिंपडून शुद्ध करणं म्हणजे काय, हे खरं तर तिच्या घराला चांगलं ठाऊक होतं, दुसऱ्या बाजूने. तिच्या पणजीचा हात लागलेल्या हंड्यावर कोण्या काळी असंच पाणी शिंपडलं जायचं. तेव्हाही हंड्यातलं काही बदलत नसे.

"काकू, तांब्यात पाणी किती मावतं?"

"मोठा तांब्या हाय. शंभर पळ्या सहज."

तिने मनातल्या मनात भागाकार केला. काकांच्या लघवीत शंभर भागांत दोन-तीन भाग साखर असेल. कच्ची तपासली तर लालभडक. तीच शंभरपट पातळ केली की साखर उरली शंभर भागांत पाव भागाच्याही कितीतरी आत. एवढीशी साखर त्या निळ्या द्रावणाला दिसतच नाही. ते निळंच राहणार. बाबाची बाटली खोटी नव्हती, दिवा खोटा नव्हता. खोटेपणा होता तो सगळ्यांत पवित्र भांड्यात.

"काय गो, हसतेस काय?" काकूंनी विचारलं. मग त्यांच्या मनात काही वेगळंच आलं. "निळा तर तुमचा पन रंग हाय ना? मंग बाबांचा राग का करतेस?"

"रंगाचा राग नाही काकू. रंग न बदलण्याचा आहे. उद्या सकाळी काका साक्षीला बसणार ना मठात? मीही येते. मला पण बाबांना नमुना दाखवायचा आहे."

काकू चमकल्या. "तुला पन साखर?"

"उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी रोगओट्यापुढे ऐंशी-शंभर माणसं होती. ओट्याच्या कडेला मुक्त झालेले ओळीने बसले होते. केसरीकाका भिंतीला टेकले होते, तोंड पांढुरकं, ओठ कोरडे. काकूंनी त्यांच्यासाठी पाण्याची मोठी कळशीच आणून ठेवली होती. तहान भागत नव्हती म्हणे. मुक्ती मिळाल्यापासून तहान वाढलेली, असा हा पहिलाच मुक्त असावा.

संघरत्ना ओट्यावर चढली. बाबांनी ओळखलं.

"पुडीवाली बेटी. काय आणलंस?"

"नमुना आणलाय. पौर्णिमेला हसले सगळे. घरी जाऊन विचार केला, म्हटलं, आपण तपासून घ्यावं."

तिने पिवळसर पाण्याची बाटली पुढे केली. बाबांनी थेंब सोडले, नळी तापवली. हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल. गर्दीने सुस्कारा सोडला. दिपाली पुढेच उभी होती, तिचा चेहरा उतरला.

"बघा," बाबा म्हणाले, "निंदेचं फळ. जीभ कडू झाली तर रक्त गोड होतं. आता दोरा घे, कारलं घे. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत जप."

"इतके दिवस कुठे थांबू बाबा? मला आत्ता मुक्त करा."

"मुक्ती रेशनच्या दुकानात मिळते का, रांगेत उभं राहिलं की?"

"मग मीच करून घेते," संघरत्ना म्हणाली.

तिने पिशवीतून घरचा तांब्या काढला. "हे पाणी टेमघरच्या नळाचं आहे. महापालिकेचं. याच्यावर कोणी मंत्र म्हटलेला नाही. म्हटलाच असेल तर नळाला पाणी आलं नाही म्हणून आमच्या शेजारणींनी म्हटलेला, आणि तो इथे सांगण्यासारखा नाही." एकदोघी हसल्या. तिने आपल्या बाटलीतलं पाणी पळीभर घेतलं, तांब्यात सोडलं, ढवळलं. त्यातले थेंब बाबाच्याच निळ्या पाण्यात टाकले आणि नळी दिव्यावर धरली.

उकळी आली. पाणी निळंच राहिलं. भर दुपारच्या आभाळासारखं.

कुजबुज सुरू झाली. मागचा एक कारागीर म्हणाला, "अरे, ये तो बिना धागे के ठीक हो गई."

"हां भैया," संघरत्ना म्हणाली, "और बिना करेले के."

बाबांनी हात वर केला. "मठाची भूमी आहे ही. इथे आणलेलं नळाचं पाणीही तीर्थ होतं. भूमीचा गुण आहे, बेटी. साखर गेली, ती माझ्या जागेमुळे गेली."

हे उत्तर चांगलं होतं, हे तिला मान्य करावं लागलं. गर्दीतल्या निम्म्या माना बाबांकडे झुकल्या. पण ती त्यासाठीही तयारीने आली होती. पिशवीतून तिने छोटा स्टोव्ह काढला, पंप मारला, पेटवला. तांब्यातलं वाटीभर पाणी पातेलीत ओतून वर ठेवलं.

"साखर गेली म्हणता ना बाबा? मग आपण हे पाणी आटवू. गेलेली वस्तू आटवून परत येत नाही. आंबट पाणी आटवलं तर काय होतं, बायांनो?"

"आंबट होतं अजून," एक म्हातारी म्हणाली.

"खारं पाणी आटवलं तर?"

"मीठ होतं." खाडीकाठच्या लोकांना हे कोणी सांगायला नको होतं. मिठागरात त्यांचे आजे-पणजे राबलेले.

पातेली खळखळू लागली. बाबांनी या वेळात साखरासुराची जन्मकथा सुरू केली, पण लोक पातेलीकडे बघत होते. बाबा मध्येच थांबले आणि कोणाला कळलंही नाही. वाटीभर पाण्याचं पळीभर झालं, तेव्हा संघरत्नाने पातेली उतरवली, त्यातले थेंब नळीत घेतले आणि नळी दिव्यावर धरली.

निळं. हिरवं. पिवळं. मग ते नारिंगी झालं आणि तसंच राहिलं.

"साखरासुर परत आला," ती म्हणाली. "खरं तर तो कुठे गेलाच नव्हता. तांब्यातच होता, पाण्यात विरला होता. एका पळीला शंभर पळ्या पाणी घातलं की निळ्या पाण्याला साखर दिसत नाही. चहात जास्त दूध पडलं की गोडी कमी लागते, पण कपात टाकलेली साखर तेवढीच असते. बाबांच्या तीर्थात चमत्कार नाही, फक्त पाणी आहे. आणि हे निळं द्रावण म्हणजे मोरचूद. तुम्ही शेतात फवारता तोच."

"खोटं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "हिची लघवी पापी आहे, म्हणून पाप परत आलं."

संघरत्नाने आपली बाटली उचलली आणि उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गर्दी दोन पावलं मागे सरली. एक बाई तर ओकारी आल्यासारखी वाकली.

"ग्लुकोजचं पाणी," संघरत्नाने तोंड पुसलं. "रंगाला चहाचे दोन थेंब. ज्या बाबाला सरबत आणि लघवी यातला फरक कळत नाही, तो म्हणतो मला साखरेचा रोग आहे."

यावर जे हसू फुटलं ते आधीच्यासारखं नव्हतं. आधी तिला बघून हसले होते. आता एकमेकांकडे बघून हसत होते, थोडे शरमिंदे होऊन.

केसरीकाका हसत नव्हते. ते भिंत धरून उठले, एका पायावर भार देत ओट्यावर आले. "पोरी, बाजूला हो." ती सरकली. काकांनी बाबांना रिकामी बाटली दाखवली, मग ती घेऊन ते कुंपणामागे गेले. परतले तेव्हा बाटली भरलेली होती.

"बाबा, हे कच्चं तपास. तांब्या नको."

"मुक्ताचं कच्चं तपासत नाहीत, केसरीनाथ. पाप लागतं."

"कोनाला लागतं, ते बघू दे ना मला."

बाबा हलेनात. मग काकांनी स्वतःच नळी घेतली. शेतात कितीदा मोरचूद मोजलेले हात. थेंब सोडले, नळी ज्योतीवर धरली. पाणी हिरवंपिवळं होण्यातही फारसा वेळ गेला नाही. सरळ लाल झालं. वीटभट्टीतून काढलेल्या विटेसारखं.

मागची माणसंही नळी बघायला पुढे सरकली.

"श्रद्धा सोडलीस, म्हणून परत आली," बाबा म्हणाले.

"श्रद्धा मी आत्ता सोडली," काका म्हणाले. "ही साखर कालची हाय. परवाची पन."

मग ते खाली बसले आणि सगळ्यांसमोर अंगठ्याचं फडकं सोडू लागले. अंगारा मोकळा झाला, कापूस निघाला. पुढच्या लोकांनी पाहिलं आणि नाकाला पदर, रुमाल लावले. काळा रंग अंगठा ओलांडून पावलावर आला होता.

"तुला ठाऊक होतं का रे?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "तांब्यात काय होतं, ते तुला ठाऊक होतं?"

बाबांनी ओट्यावरची एक नळी उचलली, सवयीने झटकली आणि उपडी ठेवली. संघरत्नाने विचारलं, "कुठल्या लॅबमध्ये होतात तुम्ही?"

'लॅब' ऐकून माणूस एकदम लहान झाला. दाढीतून आलेला आवाजही वेगळाच होता, ड्युटीवरच्या माणसाचा. "कल्याणला. पंढरी म्हणायचे तिथे. वीस वर्षं या बाटल्या तापवल्या मी. मग मशीन आली. बाटल्या भंगारात दिल्या, मलाही काढलं." मग काकांकडे न बघता म्हणाला, "कोणी मरेल असं वाटलं नव्हतं मला."

"पातळ करून दाखवायचं हे मात्र सुचलं," संघरत्ना म्हणाली.

पुढची गोष्ट फार लांबलचक नाही. तक्रार झाली, पंढरी मठ सोडून गेला. काही भक्तांनी दोरे तोडले. काहींनी ठेवले, कारण दोऱ्याने काही बिघडत नाही असं त्यांना वाटलं. दिपालीने त्याच दुपारी रिक्षा केली आणि काकांना इस्पितळात नेलं. रिक्षात संघरत्नाने आणलेलं इन्सुलिन काकांनी स्वतःच्या हाताने टोचून घेतलं. सर्जनने अंगठा काढला, बाजूचं एक बोटही. पाऊल राहिलं. आठ दिवस उशीर झाला असता तर तेही गेलं असतं, असं सर्जन म्हणाले आणि काकूंनी उदबत्तीचा पुडा इस्पितळाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

महिन्याभराने काका टेमघरच्या दवाखान्यात ड्रेसिंगला आले. बाकावर शेजारी एक लूम कारागीर बसला होता, नवाच. त्याच्या गळ्यात ताईत होता. त्याला कोणीतरी कल्याणकडच्या एका दुसऱ्या बाबाचं नाव सांगितलं होतं. लाल पाण्याचा बाबा. मूतखडा विरघळवतो म्हणे.

काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग आपला पाय त्याच्यासमोर लांब केला, दोन बोटं कमी असलेला.

"जाना है तो जा," ते म्हणाले. "पन जाने से पहले एक बात पूछना. पूछना, क्या डाला, और कितना पानी डाला. सच्चा होगा तो बताएगा. गुस्सा होगा तो चप्पल पैर में ही रखना, उतारना मत."

वाचकहो, तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. पाणी निळं असो, लाल असो, गंगेचं असो की नळाचं. पाणी घातल्याने वस्तू पातळ होते, नाहीशी होत नाही. तुमचा रोग पुसून टाकला असं कोणी म्हणालं तर त्याला नमस्कार करायच्या आधी त्याच्या भांड्यात डोकावून पाहा, आणि त्याने अडवलं तर तिथून उठा. आणि डॉक्टरने दिलेली सुई, गोळी कोणाच्याही सांगण्यावरून खाडीत सोडू नका. खाडीला तिचा काही उपयोग नाही.